पॉइंट आठ

घणसोली गावात आमच्या हेमूने
रात्री पावणेतीनला गच्चीवर खडूने मिठागर आखलं.
कोंड्या, बांध, उधाणाचं पाणी आत घेणारी उघाडी,
सगळं बरोबर, आजाने दाखवलं होतं तसंच.
फक्त जागा आता काचेच्या इमारतीची होती,
तिच्याच कॅन्टीनला तो मासळी पुरवायचा.
"बाय, परत घेऊ या सगळं," म्हणाला,
आणि सकाळी दारात टेम्पो, दोनशे बांबूंचा.

पाच रात्री झोपला नव्हता.
आणि थकला नव्हता. तिथेच कळायला हवं होतं.
बोलणं एवढं भरभर, की एक वाक्य संपायच्या आत
दुसरं त्याच्या पाठीवर चढायचं.
आई म्हणाली, दृष्ट लागली.
नाक्यावरचे म्हणाले, ठाण्याला न्या याला,
आणि हसले.
मीही हसलेय त्या वाक्याला. लहानपणी, कितीदा.

मग बांबू अंगणातच काळे पडले.
हेमू भिंतीकडे तोंड करून.
आंघोळीची बादली सकाळी भरायची,
संध्याकाळी तशीच झाडाला ओतायची.
ऊठ रे, म्हणणं सोपं असतं.
तो म्हणाला, बाय, उठायला सुरुवात कुठून करतात
तेच आठवत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी भिंतीकडचं तोंड तेवढं पाहिलं,
त्याच्याच गोळ्या दिल्या.
आम्हीही तेवढंच सांगितलं होतं.
आनंद कोण आजार म्हणून सांगतं?

शेवटी ठाण्याला नेलं. खरंच ठाण्याला.
शेवडे मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं,
"याआधी कधी जरा जास्तच मजेत होता?"
मी अभिमानाने सांगू लागले:
माझ्या पोरीच्या हळदीला पहाटेपर्यंत नाचला,
बेंजोवाल्याला बोटातली अंगठी काढून दिली,
अख्ख्या आळीला कोलंबी,
कर्ज काढलेलं ते मागाहून कळलं,
आठवडाभर डोळ्याला डोळा नाही,
आणि बोलता बोलता माझा आवाज
खाली खाली येत गेला.
मॅडम लिहीत होत्या.

ती हळद आता कुठे ठेवू, कळत नाही.
अल्बममध्ये, की फाइलमध्ये.

बायपोलर, म्हणाल्या त्या. दोन टोकं.
मधे महिनेच्या महिने साधा, तुमच्याआमच्यासारखा माणूस.
कुणाची चूक नाही,
ना आईच्या दुधाची, ना देवीच्या राहिलेल्या नवसाची.
घराण्यात कुणाला?
आई पंख्याकडे बघत राहिली.
मग एका मामाचं नाव निघालं,
जे घरात कधी निघत नाही.

गोळी लिथियमची. हे एक मीठच, मॅडम म्हणाल्या,
तेव्हा हेमू किती महिन्यांनी हसला.
आगऱ्याच्या पोराला मिठाचंच औषध!
पण मोजून. कमी पडलं तर फुकट, जास्त झालं तर विष.
पाणी नीट प्यायचं, जेवणातलं मीठ एकाएकी तोडायचं नाही,
रक्त तपासत राहायचं.
आजा कोंडीत बोट बुडवून जिभेवर ठेवायचा,
म्हणायचा, अजून दोन उन्हं.
आमच्याकडे लॅबचा कागद येतो: पॉइंट आठ.
आई तो देव्हाऱ्यात ठेवते, मी काढून फाइलला लावते.

मधे एकदा गोळ्या सोडल्या त्याने,
बरं वाटतंय म्हणून.
ते इथे नको.

हात थोडा थरथरतो, कपबशी वाजते.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी
मी त्याची झोप लिहिते: सात, साडेसहा, सात.
काल टीव्हीवरच्या कसल्याशा विनोदाला
तो मोठ्याने हसला,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
माझी नजर घड्याळाकडे गेली.
त्याने ती जाताना पाहिली.

"बाय," म्हणाला,
"विनोद चांगला होता गं."